गाडीतली सगळ्यात वाईट जागा

माणदेशातल्या म्हसवडात जुनी गाडी बघायला आलेला माणूस आधी बोनेटवर बोटाच्या पेराने टकटक करतो. आवाज भरीव आला की सोबत आणलेल्या पाहुण्याकडे बघून मान हलवतो. पत्रा जाड आहे! मग दरवाजा लावून बघतो. तो धप्‌कन बसला की निम्मा सौदा झाला, उरलेला निम्मा ॲव्हरेजवर. टकटक करणाऱ्याच्या मनात बायकापोरांचीच काळजी असते, गाडी कुठं आदळली तर आतली माणसं वाचावीत एवढंच त्याला हवं असतं. पण ज्या पत्र्याला तो हे विचारतो, त्या पत्र्याकडे याचं उत्तर नसतं.

बाहेरचा पत्रा वारा, पाऊस आणि धूळ अडवतो. माणूस वाचवणारा सांगाडा आत असतो. बंपरमागची आडवी पट्टी, इंजिनच्या दोन्ही अंगांनी मागे जाणारे लांब बीम, दोन दरवाजांमधला खांब, छपराच्या कडा आणि पायाखालचा तळ यांचा तो बनतो. मर्सिडीजमध्ये काम करणाऱ्या बेला बारेनी या अभियंत्याने 1950च्या दशकाच्या सुरुवातीला यामागचा विचार मांडला. गाडीचं नाक आणि शेपूट चुरगळावं, मधली खोली मात्र चुरगळू नये. धडकेची ऊर्जा कुठेतरी जिरायला हवी. ती लोखंड चेपण्यात जिरली नाही, तर बरगड्या मोडण्यात जिरते. आपल्याकडे अपघातानंतर फोटो फिरतात, 'बघा, कसा पापड झालाय पुढचा' म्हणून कंपनीला शिव्या बसतात. मी त्या फोटोत आधी दरवाजा बघतो. दरवाजाची चौकट चौकोनीच राहिली असेल, स्टेअरिंग जागेवर असेल, ड्रायव्हरच्या पावलांपाशी तळ उचकटला नसेल, तर त्या पापड झालेल्या नाकाने आपलं काम चोख केलं आहे.

मला गाड्यांचं वेड आहे आणि ते लपवायचं कारण नाही. माणदेशात हे वेड नवं नाही. खानापूर, आटपाडी, माण, खटाव या तालुक्यांतली माणसं सोनंचांदी गाळून शुद्ध करण्याच्या, म्हणजे गलाईच्या, व्यवसायाला देशभर गेली. दिवाळीला नाहीतर गावच्या यात्रेला ती परततात, तेव्हा इथल्या एम.एच. 11, एम.एच. 10 आणि एम.एच. 45च्या गर्दीत केरळ, तामिळनाडू, पंजाबच्या नंबरप्लेटा दिसू लागतात. मार्गशीर्षात म्हसवडच्या सिद्धनाथाचा रथ निघतो, त्या दिवसांत तर कुठली कंपनी यंदा काय बाजारात घेऊन आली ते बघायला पुण्याच्या शोरूमला जावं लागत नाही. ही माणसं रात्रभर गाडी चालवत हजार-हजार किलोमीटर येतात. त्यांच्याशी बोलताना गेल्या आठ-दहा वर्षांत एक बदल जाणवतो. पूर्वी पहिला प्रश्न असायचा, किती देते? आता त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो, स्टार किती आहेत?

धडक चाचणीत सुरक्षेसाठी मिळणाऱ्या स्टारांचा हा दुसरा प्रश्न आपोआप आलेला नाही. जानेवारी 2014मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने भारतात खपणाऱ्या पाच छोट्या गाड्या ताशी 64 किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवल्या. अल्टो 800, नॅनो, आय टेन, फिगो आणि पोलो. पाचही एअरबॅगशिवायच्या आणि पाचही शून्य स्टार. बातमी तेवढीच लक्षात राहिली, पण खरी मेख तपशिलात होती. फिगो आणि पोलोचा सांगाडा धडकेनंतरही टिकून होता. बाकी तिघींचा टिकला नाही. एअरबॅग लावलेली पोलो पुन्हा आदळवली तेव्हा तिला चार स्टार मिळाले, आणि फोक्सवॅगनने एअरबॅग नसलेली पोलो भारतात विकणंच बंद केलं. म्हणजे एका गाडीत काही हजारांची भर घालून जीव वाचत होता आणि ती घातली जात नव्हती. दुसऱ्या गाडीत सांगाडाच इतका कच्चा होता की नुसती एअरबॅग टांगून भागलं नसतं.

त्यानंतर ऑक्टोबर 2017पासून नव्या मॉडेलांना ताशी 56 किलोमीटरची समोरून धडक आणि बाजूची धडक पास होणं कायद्याने बंधनकारक झालं. जुलै 2019पासून ड्रायव्हरची एअरबॅग सक्तीची झाली, शेजारच्या सीटची त्यानंतर. छप्पन आणि चौसष्ट यांत फरक आठाचाच दिसतो. पण धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, त्यामुळे हा आठाचा फरक सुमारे 30 टक्के जास्त मार देतो. डिसेंबर 2018मध्ये टाटाची नेक्सॉन पाच स्टार मिळवणारी पहिली भारतीय गाडी ठरली. जानेवारी 2020मध्ये महिंद्राच्या एक्सयूव्ही 300ला पाच स्टार मिळाले. एक रांजणगावची, दुसरी नाशिकची. दोन्ही आपल्या राज्यात बनलेल्या, आपल्याच पोरांच्या हाताखालून गेलेल्या. ऑक्टोबर 2023पासून आपली स्वतःची स्टार देणारी चाचणी, भारत एनकॅप, सुरू झाली. नोव्हेंबर 2024मध्ये तर छोट्या गाड्यांवर वाढलेल्या मारुतीची डिझायरही ग्लोबल एनकॅपच्या चाचणीत पाच स्टारला पोचली. 'भारतात सेफ्टी विकली जात नाही' हे वाक्य वाहन उद्योगाने वर्षानुवर्षं ऐकवलं. निकाल जाहीर होऊ लागले, गिऱ्हाइकाला एका नजरेत तुलना करता येऊ लागली आणि सेफ्टी विकली जाऊ लागली. माहिती दडवून ठेवली तर मागणी येणार कुठून?

या उद्योगाचा एक मुद्दा मात्र हसण्यावारी नेण्यासारखा नाही. 2022मध्ये सहा एअरबॅग सक्तीच्या करण्याचा प्रस्ताव आला तेव्हा मारुतीचे अध्यक्ष आर. सी. भार्गव म्हणाले होते की छोट्या गाडीची किंमत वाढवली, तर दुचाकीवरून चारचाकीत येऊ बघणारं कुटुंब दुचाकीवरच राहील आणि दुचाकी त्याहून धोक्याची. हे खरं आहे. दहिवडी-म्हसवड रस्त्यावर नवरा, बायको, टाकीवर एक पोर आणि मधे एक पोर अशी मोटारसायकल संध्याकाळी कुणीही बघू शकतो. त्या कुटुंबाला शून्य स्टारची अल्टोसुद्धा वरदान वाटेल. 2022मध्ये देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली, आणि त्यांतली 44 टक्क्यांहून अधिक दुचाकीवरची होती.

पण या मुद्द्यावरून जो निष्कर्ष काढला गेला तो मला मान्य नाही. गरिबाला धोक्याची आणि जास्त धोक्याची यांतूनच निवडायला लावणारी किंमत आकाशातून पडलेली नसते. ती कर, गाड्यांचा खप आणि कंपनीने कुठं काटकसर करायची याचा निर्णय यांतून बनते. युरोपात विकली जाणारी स्विफ्ट 2017मध्ये तिथल्या चाचणीत साध्या रूपात तीन आणि जादा सेफ्टी पॅकसह चार स्टारची होती. इथली स्विफ्ट 2018मध्ये दोन स्टारची निघाली. नाव एक, चेहरा एक. सप्टेंबर 2023मध्ये सहा एअरबॅगची सक्ती करणार नाही असं नितीन गडकरींनी जाहीर केलं, आणि 2025मध्ये मारुतीने स्वतःच अल्टो के टेनसारख्या सगळ्यात स्वस्त गाडीत सहा एअरबॅग सर्व मॉडेलांना दिल्या. जे तीन वर्षांपूर्वी परवडणारं नव्हतं ते परवडलं, कारण शेजारच्या शोरूममध्ये दुसरा कुणीतरी ते देत होता.

इथवर मी उद्योगाची पाठ थोपटायला तयार आहे. माझं भांडण यापुढे सुरू होतं.

स्टार कुणाला मिळतात? पाच-सात माणसांच्या, पुढे तोंड करून बसलेल्या, बेल्ट लावलेल्या गाडीला. त्या मोजमापात बसणारी माणसं माणदेशात किती? गाडीची पारख तिच्या सगळ्यात वाईट जागी बसलेल्या माणसावरून व्हायला हवी असं मला वाटतं. मालक पुढे बसतो. त्याच्यापुढे एअरबॅग असते. मागच्या सीटवर मधे आजी बसते, तिच्या मांडीवर नातू. बेल्ट कव्हरच्या खाली दाबलेला, कारण तो टोचतो. 4 सप्टेंबर 2022ला पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींची गाडी आदळली. गाडी मर्सिडीज होती. पुढचे दोघे जखमी झाले पण वाचले, मागे बसलेले दोघेही गेले. मागच्या दोघांनी बेल्ट लावलेले नव्हते. करोडोंच्या उद्योगसमूहाच्या माजी प्रमुखाला जे मागच्या सीटवर चुकवता आलं नाही, ते आपल्या आजीला कसं चुकेल? तीन बिंदूंचा बेल्ट व्होल्वोच्या निल्स बोलिनने 1959मध्ये आणला आणि कंपनीने त्याचं पेटंट सगळ्यांना वापरायला मोकळं ठेवलं. साठहून अधिक वर्षं झाली. 2022मध्ये बेल्ट न लावल्यामुळे देशात 16,715 जण गेले, त्यांतले जवळपास निम्मे ड्रायव्हर नव्हते, नुसते बसलेले होते.

इथं दोष आपलाही आहे. बेल्टचा बीप बंद करायला खाचेत अडकवायच्या क्लिपा ऑनलाइन सर्रास मिळत होत्या. मे 2023मध्ये ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ई-कॉमर्स कंपन्यांना त्या हटवायला लावल्या तेव्हा 13,118 जाहिराती उतरवाव्या लागल्या. गाडीला पुढे लोखंडी गार्ड बसवायला केंद्राने डिसेंबर 2017मध्ये मनाई केली. तो गार्ड चुरगळायच्या भागाला चुरगळू देत नाही, एअरबॅगच्या सेन्सरचा अंदाज चुकवतो आणि समोरच्या पादचाऱ्याचं हाड मोडतो. तरी यात्रेला आलेल्या गाड्या मोजा, गार्ड दिसतोच. अपघातातून उठलेली गाडी गॅरेजमध्ये येते तेव्हा याहून वाईट प्रकार होतात. बीम चेपलेला असतो, तो साखळी लावून ओढून सरळ करतात आणि वरून पुट्टी मारतात. एकदा वाकलेला बीम पुढच्या धडकेला आधीसारखा चुरगळत नाही, पण रंग चढल्यावर कुणाच्या लक्षात येतं? उडून गेलेल्या एअरबॅगच्या जागी नवी बसवायला खर्च येतो, म्हणून डॅशबोर्डचं झाकण तेवढं चिकटवतात आणि लाल दिवा विझावा म्हणून वायरीत रेझिस्टर घालतात. मग ती गाडी विकायला येते आणि घेणारा बोनेटवर टकटक करतो. जुनी गाडी घेताना इंजिनपेक्षा आधी किल्ली फिरवून एअरबॅगचा दिवा बघावा. तो काही सेकंद पेटून विझला पाहिजे. मुळीच पेटत नसेल तर काहीतरी गडबड आहे.

आता त्या जागेकडे येतो, जी कुठल्याच चाचणीत नाही. वडाप.

पश्चिम महाराष्ट्राबाहेरच्या वाचकाला सांगायला हवं की वडाप म्हणजे माणसं भरून फेऱ्या मारणारी जीप. आधी कमांडर, मग ट्रॅक्स, सुमो, आता बोलेरो, कधी छोटा हत्ती किंवा टमटम. एसटी जिथं दिवसातून एक-दोनदा येते, तिथं वडापच जग जोडतं. ट्रॅक्सच्या मागच्या फळकुटावर बसून बघा. समोरासमोर दोन बाकं असतात आणि समोरच्याचे गुडघे आपल्या गुडघ्यांत अडकलेले. मधल्या जागेत बाजाराच्या पाट्या, भाजीचं गाठोडं, एखादं करडू. बाकाखाली जॅक आणि पाना मोकळे पडलेले, ते प्रत्येक खड्ड्याला खडखडतात. दाराला आतून कडी नसते, बाहेर पायरीवर उभा राहिलेला किन्नर ते धरून असतो. बेल्टचा प्रश्नच येत नाही, आणि बेल्ट असता तरी तो आडव्या बसलेल्या माणसाला पुरेसा उपयोगी पडला नसता. समोरून धडक बसली तर आडवा बसलेला माणूस बाकावरून घसरत पुढच्या शेजाऱ्यावर जातो, मान बाजूला मोडते, आणि बाकावरच्या सगळ्यांचा भार पहिल्यावर येऊन पडतो.

तिथं बसतं कोण? 1997मध्ये म्हसवडातच माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली, त्या बँकेतून हजार-दोन हजारांपासून कर्ज घेऊन बाजार करणाऱ्या बाया तिथं बसतात. शाळेच्या पोरी तिथं बसतात. घरी गाडी घ्यायची चर्चा होते तेव्हा ज्यांना विचारलं जात नाही, त्या सगळ्या तिथं बसतात. आणि याहूनही वाईट जागा आहे ती पिकअपचा हौदा. लग्नाचं वऱ्हाड, शिखर शिंगणापूरच्या यात्रेकरूंचा जथा, ऊसतोडीची टोळी. पिकअपची मागची पाट्यांची स्प्रिंग मालासाठी ताठ केलेली असते. माल खाली बसतो, माणसं उभी राहतात. तीस माणसं उभी राहिली की गाडीच्या वजनाचा मध्य वर सरकतो आणि घाटातल्या वळणाला जो वेग मालाला चालला असता तोच वेग गाडी उलटी करतो. फाळक्याला धरून उभं राहणं एवढीच तिथली सुरक्षा. मालवाहू गाडीत माणसं नेणं कायद्यात बसत नाही हे प्रत्येक नाक्यावरच्या माणसाला ठाऊक आहे, पण कायदा मोडणाऱ्याला जायला दुसरी गाडी नाही हेही त्यालाच ठाऊक आहे. भारत एनकॅप प्रवासी मोटारींसाठी आहे. ती चाचणीही मुळात ऐच्छिक आहे. पिकअपला स्टार नाहीत.

म्हणून मला उद्योगाला विचारावंसं वाटतं की या देशातल्या सर्वांत जास्त राबणाऱ्या गाडीचं डिझाइन करताना समोर कुठला माणूस असतो? पिकअपच्या केबिनमागे चार-सहा माणसांची, पुढे तोंड केलेल्या सीटची आणि बेल्टची दुसरी ओळ कारखान्यातूनच बसवून द्यायला तंत्र कमी पडत नाही. डबल केबिन जगभर आहे, आपल्याकडेही आहे, पण हौद्यात उभ्या राहणाऱ्यांपर्यंत ती पोचलेली नाही. मालवाहू गाडीत गावकामाला लागणारी माणसं बसणारच आहेत हे मान्य करून त्यांच्यासाठी स्वस्त डबल केबिन काढली, कर कमी केला आणि तिला परवाना सोपा केला, तर हौद्यातली निम्मी माणसं तरी खाली उतरतील. एसटीच्या फेऱ्या वाढवणं हा त्याहून चांगला उपाय. पण मी गाड्यांविषयी लिहितो आहे म्हणून गाडीचंच बोलतो.

करामुळे डिझाइन बदलतं का, अशी शंका असेल तर चार मीटरची गोष्ट ऐका. 2006च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा आखूड आणि ठरावीक सीसीच्या आतल्या गाड्यांवरचं उत्पादन शुल्क 24 टक्क्यांवरून 16 टक्क्यांवर आणलं. दोनच वर्षांत टाटांनी इंडिगोची डिकी कापून 3,988 मिलिमीटरची सीएस काढली. 2012मध्ये डिझायरची शेपूट छाटून तिला 3,995 मिलिमीटरवर आणलं. ज्यांना गाडीची रेषा कळते त्यांना त्या काळच्या या गाड्या बघवत नव्हत्या. समोरून नीट सुरू झालेलं वाक्य शेवटच्या शब्दाआधीच तोडल्यासारखी ती मागची बाजू. पण कंपन्यांनी शिकून घेतलं आणि आज चार मीटरच्या आतली छोटी एसयूव्ही हाच देशातला सगळ्यात गजबजलेला बाजार आहे. सप्टेंबर 2025मध्ये जीएसटीचे दर बदलले तेव्हाही अशा गाड्यांना 18 टक्के आणि मोठ्यांना 40 टक्के, अशी ती चार मीटरची रेघ कायम राहिली. सरकारने एक रेघ ओढली आणि देशभरच्या गाड्यांची शेपटं आखूड झाली. मग तीच सवलत स्टारशी का जोडू नये? लांबी चार मीटरच्या आत आणि चाचणीत किमान चार स्टार, तरच कमी कर. ज्या कंपन्यांनी कर वाचवायला काही मिलिमीटरांचा हिशेब केला, त्या स्टारसाठीही हिशेब जमवतील.

नियम आणि डिझाइनचा विषय निघाला की सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रेची गोष्ट मला अनेकदा आठवते. यशवंतराव चव्हाणांचं हे जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेखातर भंगारातल्या सुट्या भागांतून दुचाकीचं इंजिन लावून एक छोटी चारचाकी बनवली. खर्च साठ हजारांच्या आसपास. मोटारसायकलसारखी किक मारून ती सुरू होत असे. डिसेंबर 2021मध्ये तिचा व्हिडिओ देशभर गाजला. आनंद महिंद्रांनी कौतुक केलं, ही गाडी नियमांत बसणारी नाही हेही त्याच वेळी सांगितलं आणि तिच्या बदल्यात बोलेरो देऊ केली. जानेवारी 2022मध्ये लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली.

लोहारांच्या हातांना मी मनापासून सलाम करतो. हाताशी असेल त्यातून चाक, स्टेअरिंग आणि ब्रेक यांचा मेळ बसवणं हे शिकवून येत नाही. पण त्यानंतर जो 'जुगाडाचा देश' म्हणून जयघोष झाला त्यात मला सहभागी होता आलं नाही. ज्या मुलासाठी ती गाडी बनली, त्याला त्या गाडीत समोरून आलेल्या ट्रकपासून कोण वाचवणार होतं? नियम त्या मुलाच्या बाजूने होते. लोहारांसारख्या माणसाला बोलेरोपेक्षा मोठी गोष्ट मिळायला हवी होती, ती म्हणजे कारखान्याच्या डिझाइन विभागात जागा. हे बोलणं हवेतलं नाही. याच पट्ट्यात 1910मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. साताऱ्यात कूपरांनी इंजिनं बनवली. साताऱ्याच्याच महाराष्ट्र स्कूटर्सच्या कारखान्यातून प्रिया स्कूटर रस्त्यावर आली. पुण्यात टाटांच्या टेल्कोला घडवणारे सुमंत मूळगावकर गाडी आणि माणूस दोन्ही घडवत होते, त्यांच्या नावावरूनच सुमो हे नाव आलं. हाताच्या बुद्धीला कारखान्याची शिस्त आणि चाचणीचा धाक मिळाला की गाडी जन्मते. म्हसवड आणि धुळदेव परिसरात मोठी औद्योगिक वसाहत येऊ घातली आहे. तिथं गाडीचे सुटे भाग बनवणारे कारखाने आले, तर इथल्या डेंटिंगवाल्या पोरांना आधी बीम का वाकतो हे शिकवावं, आणि मग तो सरळ करायचा की बदलायचा हे त्यांच्याकडूनच ठरवून घ्यावं.

गाडीच्या आतल्यांपुरतं एवढं. बाहेरचा माणूस हीही गाडीची एक जागाच, बहुधा सगळ्यात वाईट. आजकालच्या एसयूव्हींचं नाक वर वर चाललं आहे. रस्त्यावर दबदबा हवा म्हणून बोनेट उंच आणि सपाट. अमेरिकेत आयआयएचएस या संस्थेने 2023मध्ये हजारो अपघात तपासून दाखवलं की बोनेटची उंची 40 इंचांच्या वर, म्हणजे साधारण एक मीटरच्या पुढे गेली, तर पादचारी मरण्याची शक्यता कमी उंचीच्या उतरत्या नाकाच्या गाडीपेक्षा सुमारे 45 टक्क्यांनी वाढते. आषाढीला याच रस्त्यांवरून दिंड्या पंढरपूरकडे जातात. वाटेवर गोंदवल्याला थांबतात, म्हसवडावरून पुढे सरकतात, पहाटे अंधारात चालतात. गाडीच्या नाकाचं डिझाइन करणाऱ्याने त्या पताका एकदा तरी उंच बोनेटमागून पहाव्यात. वर लोक बाजारातले पांढरे एलईडी दिवे टाकतात, त्यांचा झोत समोरच्याच्या डोळ्यांत जातो, आणि झोत पडला की पुढच्या काही सेकंदांत रस्त्याच्या कडेची माणसं दिसेनाशी होतात. बाहेरच्या माणसांत दुचाकीवालाही आला. 125 सीसीपेक्षा मोठ्या मोटारसायकलींना 2018-19पासून एबीएस सक्तीचं झालं, त्याखालच्यांना कंबाइंड ब्रेकवर भागवायची मुभा मिळाली. खेड्यात खपतात त्या त्याखालच्याच. पुन्हा तेच. ज्याची गाडी मोठी, त्याच्यासाठी ब्रेक चांगला.

आणि ऊसाची ट्रॉली. उरमोडी आणि टेंभूचं पाणी आल्यापासून माणदेशात ऊस वाढला, त्याबरोबर गाळप हंगामात रात्रीच्या रस्त्यावर ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या धावू लागल्या. त्यांची मागची बाजू अंधारात काळी असते. ना टेललॅम्प, ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही कडांनी बाहेर लोंबतो. मागून येणारी पाच स्टारची गाडी तिच्याखाली घुसली, तर पाच स्टारांचा उपयोग नाही, कारण ट्रॉलीचा तळ बोनेटच्या वरून येतो आणि थेट काचेला भिडतो. चुरगळायचं नाक ट्रॉलीखालून निघून जातं. ट्रकना मागून गाडी खाली शिरू नये म्हणून संरक्षक पट्टी लावावी लागते. तशीच पट्टी ट्रॉलीलाही लोखंडी पाइप वेल्ड करून कुठल्याही गावच्या वेल्डरला एका दुपारात बसवता येते. मागच्या फळीवर दोन्ही टोकांना लाल रिफ्लेक्टर पट्टी चिकटवायला एका खेपेच्या भाड्याएवढेही पैसे लागत नाहीत.

हे काम करायला नवीन खातं नको, आरटीओची नवी मोहीमही नको. हंगामात प्रत्येक ट्रॉली एका ठिकाणी थांबतेच. कारखान्याच्या काट्यावर. रांगेत उभ्या ट्रॉलीचा मागचा भाग वजन करणाऱ्या माणसाला समोरच दिसतो. माण, खटाव, आटपाडी, माळशिरसच्या कारखान्यांनी येत्या हंगामापासून एवढंच ठरवावं की मागे लाल पट्टी आणि आडवा पाइप नसलेल्या ट्रॉलीचं वजन पहिल्या दिवशी होईल, दुसऱ्या दिवशी गेटवरच पट्टी चिकटवून घेतल्याशिवाय होणार नाही. पट्टीची गुंडाळी काट्याच्या खोलीतच ठेवावी आणि तिचे पैसे वाहतुकीच्या बिलातून कापावेत.